कोकणातील टोपणनावे आणि बोलीतील शिव्या: शब्दाबरोबर नातेही नोंदवावे

आवाठ

मालवणी म्हणजे शिव्या, हे समीकरण रंगभूमीने, दूरचित्रवाणीवरील मालिकांनी आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी इतके घट्ट रुजवले आहे की, मी सिंधुदुर्गातली आहे असे कळताच समोरचा माणूस हमखास ‘एखादी मालवणी शिवी ऐकवा ना’ अशी फर्माईश करतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण शिवी ही कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी दिली, यावरच तिचा अर्थ उभा असतो, आणि फर्माईशीवर दिलेल्या शिवीत यातले काहीच उरत नाही. आपल्या किनारपट्टीवरील असे शब्द आणि टोपणनावे त्यांच्या नात्यांसह नोंदवली जावीत, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

‘मेल्या’ हाच शब्द घ्या. मुंबईहून मे महिन्यात आलेला नातू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाय ठेवतो आणि आजी म्हणते, ‘मेल्या, खंय होतंस इतके दिस?’ इथे त्या शब्दात वर्षभराची वाट पाहणे आहे, थोडा रुसवा आहे आणि नातू सुखरूप आल्याचे समाधानही आहे. हाच शब्द बाजारात एखाद्या अनोळखी माणसाला उद्देशून निघाला, तर तिथे भांडणच उभे राहील. नातवाने तो आजीला म्हणणे तर कोणत्याही घरात खपणार नाही. म्हणजे शब्द एकच असला, तरी तो वरून खाली जातो, खालून वर जात नाही. आणि बरोबरीच्या मित्रांत दोन्ही बाजूंनी चालतो. शब्दकोशात ‘मेला: एक शिवी’ एवढीच नोंद केली, तर ही सगळी व्यवस्था बाहेरच राहते.

या शब्दांचा उगम पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. मालवणीतल्या रोजच्या शिव्यांपैकी पुष्कळशा शरीरसंबंधांवरून आलेल्या नाहीत, तर मरणावरून आणि साथीच्या रोगांवरून आल्या आहेत. ‘मेल्या’ आणि ‘मढ्या’ उघडच आहेत. ‘फटकी’ म्हणजे प्रमाण मराठीतली पटकी, अर्थात कॉलरा. आणि ‘वाखो’ म्हणजे वाखा, तोही उलट्या-जुलाबांच्या साथीचाच रोग. ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ हे ऐकून बाहेरच्या माणसाला रव्याचा गोड शिरा आठवतो, पण इथल्या शिरा म्हणजे कुंपणाला किंवा वाट बंद करायला टाकतात त्या काटेरी फांद्या. ज्या काळात साथ आली की घरेच्या घरे रिकामी होत, त्या काळातील लोकांनी सर्वांत भयंकर वाटणारी वस्तू शापासाठी निवडली, आणि साथी मागे पडल्यावर त्या शब्दांतली भीती विरत जाऊन जवळीक तेवढी उरली, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे. कोणी वेगळी उपपत्ती मांडली, तर जरूर वाचेन.

‘आवशीचो घो’ या प्रयोगाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण बाहेर त्याची फार गंभीर शिवी म्हणून गणना होते. घो म्हणजे नवरा आणि आवस म्हणजे आई, तेव्हा शब्दशः अर्थ ‘आईचा नवरा’ एवढाच होतो. बोलण्यात तो बहुतेक वेळा कोणालाच उद्देशून नसतो. हातातला तांब्या निसटला किंवा गाडी चुकली की तोंडातून निघणारा तो उद्गार आहे. तरीही तो वडीलधाऱ्यांसमोर जपूनच वापरतात, हेही नोंदवले पाहिजे.

टोपणनावांचा विषय याला लागूनच आहे. आमच्याकडे एका वाडीत बहुधा एकाच आडनावाची घरे असतात, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे त्याच आडनावात तेच नाव पुन्हा पुन्हा येते. अशा ठिकाणी पूर्ण नाव सांगून माणूस सापडत नाही. ‘वयलो बाबलो’ आणि ‘खालचो बाबलो’ असे म्हटले की कोणते घर ते कळते, कारण ‘वयलो’ म्हणजे चढणीवरच्या घरातला आणि ‘खालचो’ म्हणजे उतारावरचा. भाई, दाजी, तात्या, अण्णा, बापू, बाबी ही नावे लाडाने ठेवलेली असतीलही, पण ती टिकली ती या गरजेमुळे.

आपल्याला विनंती एवढीच आहे की, नोंद करताना शब्द, गाव किंवा तालुका, कोण कोणाला म्हणते, आणि कोणासमोर म्हणत नाहीत, या चार गोष्टी लिहाव्यात. हयात व्यक्तींची टोपणनावे त्यांच्या खऱ्या नावांसह कृपया देऊ नयेत.

खलाटी

फार आवश्यक धागा आहे. मी गुहागर भागातला, म्हणून आधी माझ्या येथील नावाचाच अर्थ देतो. आमच्याकडे समुद्राला लागून असलेल्या सखल पट्टीला ‘खलाटी’ आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या उंच भागाला ‘वलाटी’ म्हणतात. हे शब्द भूगोलाचे असले, तरी बोलण्यात ते माणसांनाही लागतात, आणि ‘तो वलाटीचा आहे’ एवढ्या वाक्यात खाणेपिणे, शेती आणि बोलण्याचा हेल या सगळ्यांविषयी काही ना काही सुचवलेले असते.

आपण कोण आणि कोणाला हे दोन निकष दिलेत. त्यात ‘केव्हा’ हा तिसरा निकष जोडावा, असे मी सुचवतो. शिमग्यात आमच्याकडे फाका घालतात. होळीभोवती जमलेली मंडळी ‘हुर्रा रे हुर्रा’ अशा आरोळ्यांबरोबर गावातल्या बड्या माणसांची नावे घेऊन जे काही बोलतात, ते एरवी उच्चारले तर गावकीची बैठक बसेल. पण शिमग्यात ते सावकारालाही हसून ऐकून घ्यावे लागते आणि मानकऱ्यालाही. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली, घरोघर फिरून देवळात परतली, की ही मोकळीक संपते. ‘शिमगा गेला आणि कवित्व राहिले’ ही म्हण आपण नुसती बडबड मागे उरल्याबद्दल वापरतो, पण तिच्यात एक ताकीदही मला दिसते: शिमग्याचे बोलणे शिमग्यानंतर चालू ठेवणाऱ्याला गाव चांगले म्हणत नाही. एखाद्या फाकेतून कोणाला चिकटलेले टोपणनाव मात्र पुष्कळदा जन्मभर राहते, आणि ते कुठून आले हे पुढच्या पिढीला ठाऊकही नसते.

वस्तीची गाडी

मी परळमध्ये वाढलो आणि गाव कणकवली तालुक्यात आहे, त्यामुळे ज्या शब्दाने गाव आम्हाला ओळखते त्याविषयी लिहितो. ‘चाकरमानी’ म्हणजे चाकरी करणारा, मुंबईत नोकरी करून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येणारा. गिरणीत काम करणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द भूषणाचा होता, कारण त्याच्या मागे घरी येणारी मनीऑर्डर होती. आज गावातला तरुण तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्यात कधी आपुलकी असते, तर कधी ‘चार दिवस येऊन आम्हाला शहाणपण शिकवणारा’ असा टोला असतो. २०२५ च्या गणेशोत्सवापूर्वी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ हा शब्द वापरण्याचे निर्देश दिले. चाकर या घटकामुळे शब्द हीन वाटतो, असा आक्षेप काही संघटनांनी घेतला होता. सरकारी कागदावर कोणता शब्द असावा हा सरकारचा प्रश्न आहे आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनेचाही मी आदर करतो, परंतु ‘कोकणवासीय’ हा शब्द गावात राहणाऱ्यालाही लागू पडतो आणि मुंबईहून येणाऱ्यालाही, त्यामुळे जो फरक चाकरमानी या शब्दाने नेमका दाखवला जात होता तो त्यातून निघून जातो. दिवा-सावंतवाडी गाडीच्या डब्यात खिडकीपाशी दाटीने बसलेली माणसे आजही एकमेकांना चाकरमानीच म्हणतात, आणि तिथे त्या शब्दाला कोणताही कमीपणा चिकटलेला नसतो.

‘घाटी’ या शब्दाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. घाटावरचा माणूस एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे, आणि गावी कोणी ‘घाटावरून कांदे आणले’ म्हणाले तर त्यात काहीच खटकण्यासारखे नाही. पण मुंबईत तो शब्द अडाणी या अर्थाने वापरला गेला, आणि अमराठी लोकांनी तर तो सरसकट सगळ्या मराठी माणसांना लावला, कोकणातल्यांनासुद्धा. जो शब्द आपल्यालाच लागला तेव्हा बोचला, तो दुसऱ्याला लावताना आपण विचार करायला हवा.

रेवस बंदर

अलिबागकडून थोडी भर घालतो. घरगुती नाव मूळ नावाला कसे गिळून टाकते, याची उदाहरणे कोकणातल्या इतिहासातच भरपूर आहेत. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते. घरात ‘बाळ’ म्हणत, आणि पुढे तेच त्यांचे नाव म्हणून सर्वत्र रूढ झाले. पेशवाईतले नाना फडणवीस, ज्यांचे मूळ गाव वेळास, हे कागदोपत्री बाळाजी जनार्दन भानू होते, पण त्या नावाने विचारले तर आज कित्येकांना उत्तर देता येणार नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनायक भावे आश्रमात गेल्यावर ‘विनोबा’ झाले, आणि तो ‘बा’ आपल्या विठोबा-तुकोबांच्या परंपरेतला आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबालाही तोच ‘बा’ लागला आहे. वेताळ हे नाव ऐकून घाबरावे, आणि त्यालाच बा जोडून घरातला वडीलधारा करावा, त्याच्या पायांसाठी मोठाल्या चामडी चपला अर्पण कराव्यात, हे मला आपल्या नावे ठेवण्याच्या रीतीतले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

रेवसला यायला आपण ज्या ‘भाऊच्या धक्क्या’वरून लाँच पकडतो, तोही कोणा पदवीवरून किंवा गव्हर्नरच्या नावावरून ओळखला जात नाही. लक्ष्मण अजिंक्य यांना लोक ‘भाऊ’ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का.

सागरगोटा

वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. चर्चेत पुरुषांच्याच तोंडचे शब्द अधिक येत आहेत, म्हणून बायकांच्या बोलण्यातले थोडे सांगते. घाटावरच्या ‘गं’च्या जागी आमच्याकडे ‘गो’ येतो. ‘काय गो, बरी आसंस मा?’ हे विहिरीवर किंवा मासळीबाजारात रोज ऐकू येणारे वाक्य आहे. हा ‘गो’ बरोबरीच्या किंवा लहान बाईलाच लावतात. मोठ्यांना ‘वो’ लावावा लागतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी शेजारणीला ‘गो’ म्हटले, तर तोंडावर कोणी काही बोलणार नाही, पण दुपारच्या गजालींत त्याचा उल्लेख नक्की होईल.

मुलीला ‘चेडवा’ आणि मुलाला ‘झिला’ अशी हाक मारतात, आणि ती स्वतःच्याच मुलांपुरती नसते. वाट चुकलेल्या एखाद्या परक्या मुलाला म्हातारा माणूस ‘अरे झिला, खंय जातंस?’ असे विचारतो, तेव्हा त्याने त्या मुलाला क्षणभर आपला मुलगाच केलेले असते. बाहेरच्या लोकांना ‘चेडू’ हा शब्द कानाला उद्धट वाटतो, हे मी शहरातल्या वसतिगृहात राहत असताना वारंवार पाहिले आहे. त्यात उद्धटपणाचा अंशही नाही.

नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रीतीतून तर टोपणनावांचे एक वेगळेच दालन उघडते. माझ्या आजीने आजोबांचे नाव उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. ती त्यांना थोरल्या मुलाच्या नावावरून ‘बाबल्याचो बापूस’ म्हणत असे, आणि थोरला मुलगा मुंबईला गेल्यावरही ते बदलले नाही. टाळण्याचे हे तंत्र माणसांपुरतेच नाही. रात्री साप हा शब्द आमच्या घरात आजही उच्चारत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कोणते जनावर ते विचारावे लागत नाही. परक्या माणसाला मात्र ‘पडवीत जनावर इला’ हे ऐकून गुरे सुटली असे वाटू शकते, आणि तो बिनधास्त पडवीत जाऊ शकतो. म्हणून पाहुण्यांना हा एक शब्द तरी आधी समजावून सांगावा.

मिठागर

एक आक्षेप नोंदवतो. टोपणनावांचे इतके कौतुक चालले असताना, शरीरातल्या व्यंगावरून आणि जातीवरून ठेवलेल्या नावांबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. त्याला सगळे गाव ज्या नावाने हाक मारत असे ते नाव मी इथे लिहिणार नाही. तो हसून ‘ओ’ देत असे, आणि त्यामुळे त्याला ते आवडते असे सगळे समजत. तो आता गावात राहत नाही आणि येतही नाही. ‘जवळीक आहे म्हणून चालते’ हे नेहमी म्हणणारा ठरवतो. ज्याला म्हटले जाते त्याला कोणी विचारत नाही.

आवाठ

मिठागर यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो धाग्याच्या मध्यभागी असला पाहिजे. मी वर लिहिले की ‘मेल्या’ हा शब्द वरून खाली जातो. वय आणि नाते यांच्या उतारावर तो जातो तोवर त्यात माया असू शकते, पण जातीच्या किंवा सत्तेच्या उतारावर जाणाऱ्या शब्दात माया असते असे म्हणणे ही म्हणणाऱ्याची सोय आहे. ज्यांना ‘कोकणगांधी’ हे टोपणनाव लोकांनी आदराने दिले, त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून याच उतारांविरुद्ध काम केले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोकणातल्या कितीतरी वाड्यांना तो लागू होत होता, कारण आपल्याकडे वाडी आणि जात यांची नावे शतकानुशतके एकच होती. माझे मत असे आहे की, अशी नावे अभ्यासासाठी नोंदवताना ती कोणी लादली हेही लिहावे, आणि त्यांना ‘टोपणनाव’ न म्हणता ‘लादलेले नाव’ म्हणावे. व्यंगावरून दिलेल्या नावांचेही तसेच.

त्याच वेळी, ‘सुकट’ किंवा ‘बोंबील’ अशी हडकुळ्या मुलांना मित्र देतात ती नावे कोणत्या बाजूला धरायची, हे मी शब्दावरून ठरवू शकत नाही. मोठेपणी तो माणूस स्वतः ते नाव सांगतो की टाळतो, हाच मला त्यातल्या त्यात विश्वसनीय निकष वाटतो.

वस्तीची गाडी

दोन शब्दांची नोंद राहिली होती. आमच्या आंबा-बागायतदारांच्या घरात ‘पेटी’ म्हणजे आंब्याची पेटी, आणि भजनाला बसले की बाजाची पेटी. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख रुपये आणि खोका म्हणजे एक कोटी. २०२२ साली विधिमंडळाच्या पायऱ्यांवर ‘खोके’ या शब्दाच्या घोषणा झाल्यापासून तो अर्थ गावातल्या शाळकरी मुलांनाही कळतो. दुसरा शब्द ‘नवटाक’. शेराचा आठवा भाग, म्हणजे अर्धा पावशेर, हे त्याचे जुने माप. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि बाजारातून शेर गेला, पण नवटाक गुत्त्यात राहिली. ‘नवटाक मारून इलो’ म्हणजे थोडी पिऊन आला. हे वाक्य मित्र मित्राबद्दल बोलतो. घरच्या बाईसमोर ‘जरा बसलो होतो’ एवढेच म्हटले जाते.

खलाटी

टोपणनाव कागदावर चढले की काय होते, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुष्कळ वाचकांना त्याची झळ लागली असेल. आमच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर पणजोबांची नोंद त्यांच्या टोपणनावाने आहे. ज्या काळी ती नोंद झाली, त्या काळी तलाठी गावातलाच असे आणि ‘बाबी’ म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक असे. आता वारस नोंद करायला तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो, तर तिथले म्हणणे असे की, मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव वेगळे आहे, तेव्हा ही एकच व्यक्ती कशावरून? प्रश्न नियमाला धरून होता, आणि उत्तर देणारी माणसे हयात नव्हती. शेवटी जुन्या फेरफारात एका ठिकाणी पूर्ण नाव आणि त्यापुढे ‘ऊर्फ’ लिहून टोपणनाव असे दोन्ही सापडले, आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडून काम पुढे सरकले. ज्यांच्या घरात अशी नोंद आहे त्यांनी जुने फेरफार, खरेदीखते आणि शाळेचे दाखले आताच तपासून घ्यावेत, आणि घरातल्या वृद्धांकडून कोणत्या टोपणनावाचा माणूस कोण हे वंशावळीत लिहून ठेवावे. माझ्या आत्याने वंशावळीत प्रत्येक नावाखाली कंसात हाकेचे नाव लिहून दिले, तेव्हा दोन पिढ्यांतल्या तिघा ‘बाबीं’चा गुंता सुटला.

सागरगोटा

खलाटी यांनी सांगितलेली वंशावळीची रीत चांगली आहे. मी आजच आईबरोबर बसून आमच्या घरची लिहायला घेतली आहे, आणि धाग्याच्या नियमाप्रमाणे त्यातली एक नोंद देते. शब्द: बायो. तालुका: वेंगुर्ले. कोण कोणाला: घरातली मोठी माणसे लहान मुलीला, आणि पुढे ती मुलगी आजी झाली तरी तिच्या माहेरची सगळी माणसे तिला. कोणासमोर म्हणत नाहीत: असे कोणी नाही. रत्नागिरी आणि रायगडकडे हा शब्द सासरची माणसेही वापरतात का, हे तिकडच्या वाचकांनी कृपया कळवावे.